प्राणवायूचा सांगावा

दिवाळीच्या भेटींत सुक्या मेव्याच्या डब्याशेजारी अलीकडे गोळ्यांची एक देखणी बाटली येऊन बसू लागली आहे. तिच्यावर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो, खाली डाळिंबाचे किंवा द्राक्षांचे चित्र असते, आणि किंमत पाहिली की वस्तू गुणकारीच असणार अशी खात्री पटते. मुले ती आईवडिलांसाठी आणतात, सुना सासऱ्यांसाठी मागवतात. या प्रेमात खोट काहीच नाही. परंतु ज्या समजुतीवर ही बाटली विकली जाते ती अर्धीच खरी आहे. आणि अर्धवट मांडलेला हिशेब कधी कधी संपूर्ण चुकलेल्या हिशेबाहून महाग पडतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

ती समजूत थोडक्यात अशी : शरीरात प्राणवायूपासून ‘मुक्त मूलक’ नावाचे उपद्रवी कण तयार होतात, ते पेशींची नासाडी करतात, त्यातून अकाली वार्धक्य, मधुमेहाचे उपद्रव, हृदयविकार आणि कर्करोग उद्भवतात, म्हणून त्यांना मारणारे द्रव्य जितके अधिक पोटात जाईल तितके बरे. यातील पहिल्या भागाला शास्त्राचा भक्कम आधार आहे. शेवटचे विधान मात्र शास्त्राचे नसून विक्रेत्याचे आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या संशोधनातून असे दिसून आले की प्राणवायूपासून होणारी हीच द्रव्ये पेशीच्या अंतर्गत टपालाचेही काम करतात. त्यांच्याकरवी पेशीला संकटाची वर्दी मिळते आणि कोणती जनुके जागी करायची, कोणती निजवायची याचा निर्णय होतो. हे टपाल सरसकट बंद पाडले तर काय होते, ते समजून घेणे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

उलाढालीतील गळती

आपण श्वासावाटे घेतलेला बहुतेक प्राणवायू पेशीतील तंतुकणिकांत खर्ची पडतो. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तेथे पायरीपायरीने खाली उतरतात, त्या उतरणीतून ऊर्जा मिळते, आणि अखेरीस प्राणवायूचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन स्वीकारून पाण्यात रूपांतरित होतो. एवढ्या मोठ्या उलाढालीत थोडी गळती व्हायचीच. एखादा इलेक्ट्रॉन वाटेतच निसटून प्राणवायूला चिकटतो आणि ‘सुपरऑक्साइड’ हा अस्वस्थ मूलक जन्माला येतो. त्याचेच पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. जखम धुण्यासाठी औषधांच्या दुकानात मिळणारा हाच पदार्थ पेशीत अत्यल्प प्रमाणात सदैव वावरत असतो.

या कणांची पहिली ओळख अपकारी म्हणूनच झाली. अर्जेंटिनात जन्मलेल्या रेबेका गर्शमन यांनी १९५४ साली अमेरिकेत काम करीत असताना असे मांडले की अति प्राणवायूने होणारी विषबाधा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा यांचे मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे मुक्त मूलक. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याचे कारणही याच कणांत शोधले. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांना सुपरऑक्साइडचा निकाल लावणारे एक विकर सापडले. शरीराने या कणांचा बंदोबस्त स्वतःच करून ठेवला आहे, हे त्यातून कळले. पुढे १९८५ मध्ये हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञांनी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणजेच ऑक्सिडीकारक ताण ही संज्ञा रूढ केली. ऑक्सिडीकारक द्रव्ये आणि त्यांना आवरणारी द्रव्ये यांचा तोल पहिल्या बाजूला झुकणे, असा तिचा अर्थ. तोल फार झुकला तर पेशीच्या आवरणातील मेद खवट होऊ लागतो, प्रथिने बिघडतात आणि डीएनएवर ओरखडे उठतात. हे सर्व खरे आहे आणि आजही मान्य आहे.

शत्रू की निरोप्या?

परंतु शत्रूच्या या चित्रात एक गोष्ट बसत नव्हती. शरीर हे कण चुकून निर्माण करते असे नव्हे, काही ठिकाणी ते मुद्दाम निर्माण करते. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात तेव्हा एका खास विकराच्या साहाय्याने त्यांच्यावर सुपरऑक्साइडचा मारा करतात. काही बालकांमध्ये जन्मजात जनुकीय दोषामुळे हे विकर काम करीत नाही. ती मुले जिवाणू आणि बुरशीच्या गंभीर संसर्गांना पुन्हा पुन्हा बळी पडतात. म्हणजे जे कण संपवून टाकावेत असे आपल्याला सांगितले जाते, त्यांच्या अभावी जीव धोक्यात येतो.

याहून नवलाची गोष्ट १९९५ मध्ये पुढे आली. रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींना वाढीचा संदेश देणारे एक प्रथिन दिले असता त्या पेशी काही मिनिटांतच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, आणि ते पेरॉक्साइड नाहीसे केले तर संदेश पुढे जातच नाही, असे टोरेन फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. इन्सुलिनच्या संदेशातही पेरॉक्साइडचा असाच हात असतो.

हे घडते कसे? पेशीत संदेश पुढे सरकतो तो प्रथिनांवर फॉस्फेटची खूण उमटवून. इन्सुलिन पेशीच्या दारावरील ग्राहीला भेटले की आत अशा खुणा उमटू लागतात. त्याच वेळी खुणा पुसणारी विकरेही तेथे हजर असतात. ती नसती तर जुना निरोप कायमचा घुमत राहिला असता. या पुसणाऱ्या विकरांच्या नेमक्या कामाच्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लातील गंधकाचा एक अणू असतो. पेरॉक्साइडचा रेणू त्या गंधकाला भिडला की विकर काही काळ निकामी होते. पुसणारा थांबला, म्हणजे खूण टिकली आणि निरोप पोहोचला. काम झाल्यावर पेशी त्या गंधकाला पुन्हा मूळ स्थितीत आणते आणि पुसण्याचे काम सुरू होते. निरोप नेमक्या जागी निर्माण व्हावा, थोडेच अंतर जावा आणि काम होताच मिटावा, हे चांगल्या सांगाव्याचे सारे गुण पेरॉक्साइडमध्ये आहेत.

जनुकांच्या दारापर्यंत

एवढ्यावरच हा प्रवास संपत नाही. पेशीच्या केंद्रकात वीस हजारांच्या आसपास प्रथिनांची कृती सांगणारी जनुके आहेत. सर्व पेशींत ती सारखीच असतात. कोणत्या वेळी कोणती उघडायची, यावर पेशीचे वर्तन ठरते. ऑक्सिडीकारक द्रव्ये या निर्णयातही भाग घेतात.

जिवाणूंमध्ये हा कारभार फार सरळ आहे. त्यांच्यात ‘ऑक्सी-आर’ नावाचे एक प्रथिन असते. पेरॉक्साइडने त्यातील गंधकाचे अणू ऑक्सिडीकृत केले की त्याचा आकार बदलतो आणि ते बचावाची जनुके थेट चालू करते. ब्रूस एम्स, गिसेला स्टोर्झ आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे दाखवले. संकटाची चाहूल घेणारा आणि हुकूम सोडणारा येथे एकच आहे.

मनुष्याच्या पेशीत हीच कामे दोघांत वाटलेली आहेत. ‘एनआरएफ-टू’ नावाचे प्रथिन बचावाची जनुके उघडते, तर ‘कीप-वन’ नावाचे प्रथिन त्याला आवरून धरते. जपानमधील मासायुकी यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या जोडीचे कार्य उलगडले. सर्व काही सुरळीत असते तेव्हा पेशी एनआरएफ-टू सतत तयार करते आणि कीप-वन ते पकडून लगेच नष्ट होण्यासाठी पाठवते. वरवर पाहता हा अपव्यय वाटतो. पण संकट आले असता नव्याने जुळवाजुळव करण्यात वेळ जाऊ नये, म्हणून पेशी हा खर्च सोसते. कीप-वनच्या अंगावरही गंधकयुक्त सिस्टीनचे अनेक अणुबंध टेहळणीला बसलेले असतात. ऑक्सिडीकारक द्रव्याने त्यांना डिवचले की कीप-वनची पकड सैल होते, एनआरएफ-टू साचू लागते, केंद्रकात शिरते आणि दोनशेहून अधिक जनुकांचे दरवाजे उघडते. त्यातून ग्लुटाथायोन हे शरीराचे स्वतःचे प्रभावी संरक्षक द्रव्य तयार होते, विषारी पदार्थ निरुपद्रवी करणारी विकरे तयार होतात, बिघडलेली प्रथिने साफ करणारी यंत्रणा कामाला लागते. एक गोळी पोटात जाऊन विरघळते आणि तिचे काम संपते; येथे मात्र शरीराचा सारा कारखाना चालू होतो.

दुसरा मार्ग दाहाचा आहे. ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी शोधले. तेही एरवी बांधलेलेच असते. सुटले की दाह निर्माण करणारी जनुके चालू करते. जंतुसंसर्गात किंवा जखमेत तेवढ्यापुरता दाह उपकारकच असतो. परंतु ऑक्सिडीकारक ताण महिनोन्महिने टिकला तर हे प्रथिन वारंवार सुटत राहते, दाह धुमसत राहतो, आणि त्या दाहातून पुन्हा नवे मूलक तयार होतात. तिसरा मार्ग अखेरचा. डीएनएची हानी फार झाली तर ‘पी-५३’ हे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर त्या पेशीला स्वतःचा शेवट करण्यास भाग पाडते. कर्करोगापासून आपले रक्षण करणारा हा एक मोठा पहारा आहे.

तेव्हा सांगावा तोच, पण तो किती मोठा, कोठे आणि किती काळ, यावर उत्तर बदलते. अल्प आणि क्षणिक असेल तर बळ वाढवणारे, दीर्घकाळ रेंगाळला तर दाहाचे, अनावर झाला तर मृत्यूचे.

साखरेची आठवण

आपल्या घरांच्या दृष्टीने यातील दुसरे उत्तर अधिक काळजीचे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसून करायचा व्यवसाय, रात्री उशिराचे जेवण आणि समारंभांतील मिष्टान्ने यांमुळे व्यापारी कुटुंबांना हा आजार परका राहिलेला नाही. न्यू यॉर्कमधील मायकेल ब्राउनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशींत साखर जास्त झाली की तंतुकणिकांतून सुपरऑक्साइड अधिक बाहेर पडते, आणि मधुमेहात होणाऱ्या हानीचे अनेक मार्ग तेथूनच फुटतात. २००८ मधील एका संशोधनात तर असे आढळले की अशा पेशींना थोडा काळ जास्त साखरेत ठेवून नंतर साखर पूर्ववत केली, तरी एनएफ-कप्पा-बीच्या एका घटकाच्या जनुकापाशी झालेले बदल निदान सहा दिवस टिकून राहिले. जनुकाची अक्षरे तीच राहिली, त्यावर पडलेली खूण मात्र पुसली गेली नाही. हे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झालेले आहेत. तरीही ‘एक दिवस पथ्य मोडले, उद्या गोळी जास्त घेऊ’ हा हिशेब पेशीच्या वहीत जुळत नाही, एवढा बोध त्यातून घेता येतो.

गोळ्यांची कसोटी

आता त्या बाटलीकडे वळू. मूलक वाईट असतील तर त्यांना मारणारी जीवनसत्त्वे भरपूर दिल्याने रोग कमी व्हावेत, अशा विश्वासाने अनेक मोठ्या चाचण्या घेण्यात आल्या. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षे वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना पाच ते आठ वर्षे बीटा-कॅरोटिन, ई जीवनसत्त्व, दोन्ही, किंवा औषधविरहित गोळी देण्यात आली. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा सारे चकित झाले. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेत धूम्रपान करणारे, पूर्वी केलेले आणि ॲस्बेस्टॉसशी संपर्क आलेले अशा १८,३१४ जणांवर बीटा-कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्व यांची चाचणी चालू होती. तेथे फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक दिसल्यामुळे जानेवारी १९९६ मध्ये ती ठरल्या मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. पुढे ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या आणखी एका चाचणीत रोज ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला.

असे का व्हावे, याच्या उत्तराचा एक धागा २०१४ मध्ये स्वीडनमधील शास्त्रज्ञांच्या हाती आला. फुप्फुसाच्या कर्करोगाची सुरुवात झालेल्या उंदरांना त्यांनी ई जीवनसत्त्व आणि दुसरे एक अँटिऑक्सिडंट दिले. गाठी वेगाने वाढल्या, कारण मूलक कमी झाल्याने डीएनएची हानी कमी झाली आणि पी-५३चा पहारा ढिला पडला. रोगट पेशींवरील संकटाची वर्दीच दडपली गेली. काही कर्करोगपेशी तर कीप-वन निकामी करून एनआरएफ-टूचे सारे संरक्षण स्वतःसाठी राखून ठेवतात. रक्षक द्रव्य चांगल्या-वाईट पेशींत भेद करीत नाही, हे यातून ध्यानात येते.

दुसरा प्रयोग निरोगी तरुणांवरचा. २००९ मध्ये जर्मनीत चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी काहींना रोज क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम आणि ई जीवनसत्त्व ४०० एकक देण्यात आले. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम व्यायामामुळे सुधारला आणि बचावाची जनुके अधिक कार्यक्षम झाली. गोळ्या घेणाऱ्यांत हा लाभ दिसला नाही. व्यायामाने स्नायूंत मूलक वाढतात, तोच स्नायूंना मिळणारा ‘सज्ज व्हा’ असा निरोप असतो. गोळीने तो वाटेतच अडवला. मधुमेह टाळण्यासाठी पहाटे फिरायला जायचे आणि घरी येऊन मूठभर गोळ्या घ्यायच्या, या दिनक्रमाचा फेरविचार करण्यास एवढे पुरेसे आहे.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, ताणाचे जे उगम सतत वाहतात ते बंद करावेत. तंबाखू, सिगारेट, गुटखा आणि मावा यांचा क्रमांक सर्वांत वर लागतो. तंबाखू चालू ठेवून वर अँटिऑक्सिडंट घेणारी व्यक्ती घरात असेल, तर फिनलंडची चाचणी तिला आवर्जून सांगावी. त्यानंतर रक्तातील साखर, रक्तदाब आणि अपुरी झोप यांकडे लक्ष द्यावे.

दुसरी गोष्ट, उपकारक असा अल्प ताण शरीराला नियमित द्यावा. आठवड्याला किमान १५० मिनिटे दमछाक न करणारा, पण श्वास थोडा वाढवणारा व्यायाम जागतिक आरोग्य संघटना सुचवते. दुकानात बसणाऱ्याने तासातासाला उठून दोन फेऱ्या मारल्या तरी सुरुवात होते.

तिसरी गोष्ट आहाराची. भाज्या, फळे आणि मसाले हितकर आहेत यात शंका नाही. त्यांतील अनेक द्रव्ये मूलकांना थेट मारत नाहीत. ती कीप-वनला हलकेच डिवचून शरीराचाच कारखाना चालू करतात. अमेरिकेतील पॉल टॅलले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ब्रोकोलीतून वेगळे केलेले सल्फोराफेन हे द्रव्य असेच आहे. अशा लेखांत लसणाची थोरवी बरीच गायली जाते; ज्या घरांत तो वर्ज्य आहे तेथे काही उणे पडते असे मुळीच नाही. पत्ताकोबी आणि मोहरी सल्फोराफेनच्याच कुळातील. या वनस्पती चिरल्या, चावल्या किंवा वाटल्या की त्यांतील विकर जागे होऊन ते तिखट द्रव्य तयार होते, आणि उष्णतेने ते विकर नष्ट होते. म्हणूनच तेलात तडतडलेल्या मोहरीपेक्षा लोणच्यासाठी फेसलेली मोहरी नाकात झणझणते. हळदीतील कर्क्युमिन प्रयोगशाळेत याच मार्गाने काम करताना दिसते. पण ते आतड्यातून फार थोडे शोषले जाते. स्वयंपाकातली चिमूटभर हळद आणि बाटलीतला तिचा तीव्र अर्क यांना एका मापाने मोजू नये. तीव्र अर्काने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत.

येथे एक गैरसमज होऊ नये. सर्व गोळ्या त्याज्य आहेत असा याचा अर्थ नाही. शुद्ध शाकाहारी कुटुंबांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळदा आढळते. डॉक्टरांनी तपासून दिलेले बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व किंवा गर्भवतीसाठी फॉलिक आम्ल हा उणीव भरून काढण्याचा विषय आहे, तो मनाने बंद करू नये. डोळ्यांच्या पडद्याच्या एका विकारात विशिष्ट अँटिऑक्सिडंटांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. त्यातही आता धूम्रपानाचा धोका लक्षात घेऊन बीटा-कॅरोटिनऐवजी ल्युटीन आणि झियाझँथिन सुचवतात. उलटपक्षी, कर्करोगावर किरणोपचार चालू असलेल्या रुग्णाला नातेवाइकांनी शक्तीसाठी म्हणून अँटिऑक्सिडंट देणे घातक ठरू शकते, कारण किरणांचे कार्य बऱ्याच अंशी मूलकांच्याच द्वारे होत असते. रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेणाऱ्याने ई जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तेव्हा अशी बाटली घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : माझ्या शरीरात या द्रव्याची उणीव आहे, हे कोणत्या तपासणीत दिसले? सध्या चालू असलेल्या औषधांशी अथवा उपचाराशी याचा विरोध तर नाही ना? आणि ही मात्रा किती दिवसांनी थांबवायची? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाली तर गोळी अवश्य घ्यावी. न मिळाल्यास तेच पैसे आईवडिलांसाठी चालण्याच्या बुटांच्या चांगल्या जोडीवर खर्च करावेत, आणि आठवड्यातून चार दिवस त्यांच्यासोबत आपणही चालावे.